मंठाळकर आप्पांची विनाशस्त्र लढाई

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मंठाळकर आप्पा आले ते फक्त बायकोला घेऊन. तीन नातवंडं नवे कपडे घालून तयार होती, ती घरात रडत बसली आहेत, हे मला त्यांच्या बायकोनं, काकूंनीच, जेवणाच्या पंगतीत सांगितलं. मी आप्पांना जाब विचारायला गेले, तर त्यांनी कोटाच्या खिशातून पत्रिकाच काढली.

"अक्का, तुमीच टाइप केलीय न्हवं? 'सहकुटुंब यावे.' आता कुटुंब म्हंजे काय? आमच्या आजोबाच्या वक्ताला माणूस म्हणायचा, माझं कुटुंब माहेरी गेलंय. म्हंजे एकटी बायको गेलीया. पोरंबाळं पायजे होती तर सहपरिवार लिवायचं होतं की!"

"आप्पा, पत्रिका या महिन्यातली आहे. तुमच्या आजोबांच्या काळातली नाही."

आप्पांचा हात जिलबीवरच थांबला. त्यांनी पत्रिका पुन्हा एकदा वाचली आणि ते म्हणाले, "हे मात्र बरोबर हाय. कागद ज्या वर्षाचा, अर्थ बी त्याच वर्षाचा घ्याला पायजे. चुकलं माझं." आणि हा गृहस्थ भरल्या पंगतीतून उठला, रिक्षा केली आणि नातवंडांना आणायला गेला. ती येईपर्यंत जिलबी संपली होती, तो भाग वेगळा.

विरुपाक्ष मंठाळकर हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे मंद्रूपचे. पण त्यांना वकीलसाहेब म्हणणारं मी क्वचितच कुणी पाहिलं. सोलापूरच्या कोर्टात शिपायापासून न्यायाधीशांच्या स्टेनोपर्यंत सगळ्यांचे ते आप्पा. मी कोर्टासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंगचं टेबल लावून बसते. आमच्या घरी तेलुगू, वडील मागावर विणकर, आणि माझं पोट मराठीवर. आप्पांच्या घरी कन्नड. एका कन्नड माणसानं एका तेलुगू बाईला मराठी शब्दांवरून वीस वर्षं छळलं, असं आमच्या ओळखीचं थोडक्यात वर्णन करता येईल. ते माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "अक्का म्हटलं की चुका कमी होतात." त्यांच्या नव्हे, माझ्या.

ठेंगणी मूर्ती, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि उन्हानं वांग्याच्या रंगाचा झालेला काळा कोट. डावा गुडघा कायम दुखरा. खांद्याला सोलापुरी चादरीच्या तुकड्याची शिवलेली पिशवी. तिच्यात एका बाजूला कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी, दुसऱ्या बाजूला दोन जुने शब्दकोश, एक इंग्रजी, एक मराठी. दोन्हींची पुठ्ठी गेलेली आणि दोन्हींच्या पानांना चटणीचा वास. आपली घटना लिहिली जात होती त्या काळात लोक जे शब्दकोश उघडत असतील, तसलेच आप्पांना हवे असत. नवा कोश कुणी दाखवला की ते तो हातात घेऊन चाळायचे, कौतुक करायचे आणि परत द्यायचे. "लई छान हाय. पण ह्यो त्यांच्याकडं न्हवता की."

त्यांचं एकच वेड होतं. सरकारच्या अंगावर जे नियम घातलेत, ते लिहिताना शब्दाचा जो अर्थ होता, तोच आज धरायचा. बाररूममधली तरणी वकील मंडळी त्यांना मुद्दाम डिवचायची. घटना जिवंत असते, आप्पा, ती काळाप्रमाणे वाढते, असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे आप्पांचा भाकरी मोडायचा आवाज कधी थांबतो याची वाट बघायचे.

"वाढू दे की," आप्पा म्हणायचे. "मी कुठं न्हाय म्हणलो? वाढवायची असंल तर दुरुस्ती करा, तिची रीत घटनेतच लिवलीया. पण सायबाला वाटलं म्हणून सायबानं खुर्चीत बसून मनातल्या मनात वाढवायची न्हाय. आज तुमच्या बाजूनं वाढंल, उद्या तुमच्या अंगावर वाढंल."

"पण लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं, हे आता कोण सांगणार?"

"मनातलं देवाला ठावं. मी मनातलं कुठं विचारतोय? कागदावर लिवलेलं त्या वेळच्या शहाण्या माणसानं वाचलं असतं, तर त्याला काय कळलं असतं, तेवढं सांगा. हौदल्लो?" हे कन्नडमधलं 'होय की नाही' ते प्रत्येक वादाच्या शेवटी टेबलावर आपटायचे. त्याला नाही म्हणणारा मी पाहिलेला नाही. काहींना कन्नड कळत नव्हतं आणि बाकीच्यांना चहाची घाई असायची.

हे वेड कोर्टापुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. आमच्या विणकर सोसायटीत शेजारच्या नरसम्मानं मांजर पाळलं. चेअरमनच्या दारात त्या मांजरानं काय केलं हे लिहीत नाही, पण चेअरमननी नोटीस काढली. सोसायटीच्या नियमाप्रमाणे आवारात जनावरे बांधण्यास मनाई आहे, सबब आठ दिवसांत मांजर काढावे, अन्यथा नळ तोडण्यात येईल. नरसम्मा एकटी बाई, पदरानं डोळे पुसत माझ्याकडे आली. मी आप्पांना सांगितलं. रविवारी आप्पा पिशवीसकट हजर.

त्यांनी आधी सोसायटीचे तीन म्हातारे सभासद गोळा केले. हा नियम केला त्या वर्षी आवारात काय होतं, असं त्यांना विचारलं. म्हाताऱ्यांना फार आठवावं लागलं नाही. जिन्याखाली एकाची म्हैस होती आणि तिच्या शेणावरून घसरून एकजण पडला होता. त्यावरून नियम झाला.

"मंग जनावर म्हंजे म्हैस," आप्पा म्हणाले. "फार तर गाय, बैल. आमच्या मंद्रूपला 'घरात जनावर निघालं' म्हणलं तर साप निघालेला असतो. तुमच्या नियमात साप बी न्हाय. आणि नियम म्हणतो, बांधू नये. मांजर कुणी बांधतं का?"

"मग उद्या कुणी हत्ती आणून बांधला तर?" चेअरमन तापले.

"हत्ती म्हशीपेक्षा मोठा हाय. तो नियमात बसतोय. जिन्याखाली बसंल का, ते तुमी बघा."

नळ राहिला, मांजर राहिलं. जाताना मात्र आप्पा चेअरमनला बाजूला घेऊन चांगल्या आवाजात म्हणाले ते मी ऐकलं. "मांजर नको असंल तर सभा बोलवा, मांजर लिवून नवा नियम करा. मी हरकत घेणार न्हाय. पण जुन्या नियमातनं मांजर काढू नका. चेअरमन असू दे न्हायतर सरकार, नियम दिलाय तो त्यांचे हात बांधायला." चेअरमननी सभा बोलावली नाही. मांजराला पुढे पिल्लं झाली आणि एक पिल्लू त्यांच्याच सुनेनं नेलं.

आप्पांना जुन्याचं वेड आहे असं मानणारे मात्र फसायचे. एकदा एका लांबच्या तालुक्यातून एका माणसाला अटक करून सोलापूरच्या न्यायाधीशांपुढे उभं केलं, तेव्हा सत्तावीस तास उलटले होते. चोवीस तासांच्या आत उभं करायचं, प्रवासाचा वेळ सोडून, असं घटनेत आहे. पोलिसांनी प्रवासावर बोट ठेवलं. मागच्या बाकावरून एक तरणा वकील कुजबुजला, "आप्पा, तुमच्या पद्धतीनं तर बैलगाडीचा प्रवास धरायला हवा. दोन दिवस मिळतील पोलिसांना!"

आप्पा वळून म्हणाले, "बाळा, अर्थ जुना धरायचा असतो, गाडी न्हवं." मग त्यांनी जीपची डायरी मागवली. रस्ता अडीच तासांचा, आणि वाटेत एका ढाब्यावर सव्वा तास मुक्काम. प्रवास या शब्दात जेवण कधीही येत नव्हतं, हे त्यांनी दोन्ही शब्दकोश उघडून इतक्या गंभीरपणे सांगितलं की न्यायाधीशांना चष्मा पुसावा लागला. माणूस सुटला. ढाब्याची भाजी कशी असते, हे आप्पांनी नंतर त्याच पोलिसांना विचारलं.

पण मला आप्पा आठवतात ते मायाप्पाच्या खटल्यात.

मायाप्पा मंगळवेढ्याकडचा मेंढपाळ. तिथल्या मेंढपाळांची चराईला जायची वाट एका सरकारी साहेबानं कुंपण घालून बंद केली होती. म्हणून अकरा मेंढपाळ निवेदन घेऊन शहरातल्या एका सरकारी कचेरीसमोर आले. दगड नाही, घोषणा नाही, सावलीला बसले होते. पण त्या आठवड्यात जमावबंदी होती आणि अकराजणांच्या हातात अकरा काठ्या होत्या. पोलिसांनी शस्त्रांसह जमाव असा गुन्हा लावला आणि काठ्या जप्त केल्या. दहाजणांनी गुन्हा कबूल केला, किरकोळ दंड भरला आणि ते मेंढरांकडे परत गेले. मायाप्पा एकटा राहिला.

आप्पांच्या समोर, माझ्याच टेबलाजवळ उकिडवा बसून तो म्हणाला, "सायेब, म्या काठी घेऊन आलतो. हत्यार न्हाय आणलं. ह्या काठीनं मेंढरू वळवायचं असतं, मारायचं नसतं. आज म्या हत्यार हाय म्हनून आंगठा दिला, तर उद्या परत वाट मागाया आलो की म्हनतील, आलं हत्यारवालं. मंग आमचं कोन ऐकंल?"

आप्पांनी पिशवीतून दोन्ही शब्दकोश काढून माझ्या टेबलावर ठेवले. मग मला म्हणाले, "अक्का, कागद घाला." अजूनही ते मला कागद घालायलाच सांगायचे. माझ्याकडे कॉम्प्युटर येऊन दहा वर्षं झाली होती.

शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क घटनेनं दिला आहे, हा त्यांचा पाया. मग शस्त्र म्हणजे काय? घटना लिहिली तेव्हा या देशात निम्मी माणसं हातात काठी घेऊन चालत होती. त्या काळी कुणाला विचारलं असतं, हा काठीवाला सशस्त्र आहे का, तर विचारणाऱ्यालाच लोक हसले असते. सरळ मुद्दा होता. मी आठ पानं टाइप केली आणि मनात म्हटलं, जिंकलो.

आणि मग आप्पांना तो कागद सापडला. ते स्वतःच शोधायला गेले होते, जुन्या दप्तरात. घटनेच्या कितीतरी आधीचा, इंग्रजांच्या अमलातला मनाईचा हुकूम. त्यात शस्त्रांच्या यादीत तलवार होती, भाला होता आणि त्यांच्या शेजारी चक्क काठी होती.

दोन दिवस आप्पा टेबलाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, चहा नको म्हणाले आणि त्या हुकुमाची नक्कल माझ्यापुढे ठेवली. "हे घाला नवव्या पानावर."

मी चिडलेच. "आप्पा, सरकारी वकिलाला हा कागद ठाऊक तरी आहे का? तुमच्याच हातानं त्याला कशाला द्यायचा? तुमच्या तत्त्वापायी त्या बिचाऱ्याची काठी जाईल."

"जाईल बी," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "पण अर्थ माझ्या सोयीचा निघाला तरच मानायचा आणि गैरसोयीचा निघाला की दडवायचा, तर मंग मी आणि तो कुंपण घालणारा सायेब, दोघांत फरक काय? घाला." मग त्यांनी मायाप्पाला बोलावून सगळं समजावलं. यानं आपण हरू शकतो, तू नको म्हणालास तर मी दुसरा वकील देतो, हेही सांगितलं. मायाप्पा म्हणाला, "खरं हाय ते घाला. मला तर खोटंच पुसायचं हाय की."

मी रागारागानं टाइप केलं, आणि राग कुठेतरी निघतोच. लेखी युक्तिवादात 'शांततेने व विनाशस्त्र जमले' असं लिहायचं होतं. घटनेच्या सरकारी मराठीतला तो शब्द, विनाशस्त्र. माझ्या अंगठ्यानं मध्येच एक जागा सोडली आणि बोटानं एक 'श' जादा मारला.

सुनावणीच्या दिवशी सरकारी वकील उभे राहिले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "आरोपी हे शांततेने व विनाश शस्त्र जमले होते. महोदय, आरोपीचे वकीलच म्हणतात की त्यांच्याकडे विनाशाची शस्त्रं होती. आता मी वेगळं काय सांगू?"

सगळं कोर्ट हसलं. मी दाराशी उभी होते, मला पोटात घ्यायला जमीन सापडेना. आप्पा उभे राहिले, गुडघ्यावर हात ठेवून. "महोदय, एका रिकाम्या जागेनं आणि एका जादा 'श'नं माझा माणूस शांततेतून थेट विनाशात गेला. शब्द किती जपून वाचावे लागतात, एवढंच मला आज सांगायचं आहे. आमच्या टायपिस्टबाईंनी माझं निम्मं काम केलं." न्यायाधीशही हसले. मग आप्पांनी स्वतःच नववं पान उघडलं.

"हा हुकूम माझ्या विरोधात जातो, म्हणून मीच दाखवतो. राज्य करणाऱ्यांच्या यादीत काठी होती. घटना लिहिणाऱ्यांना असे हुकूम माहीत नव्हते असं कसं म्हणावं? त्यांच्या पिढीनं ते अंगावर झेललेले होते. तरी लिहिताना त्यांनी ती लांब यादी घेतली नाही. एकच शब्द घेतला, शस्त्र. काठी विसरून गळाली की ठरवून गाळली, याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण सामान्य वाचणाऱ्याला काय कळलं असतं, ते माझ्यामागे उभं आहे." मागे मायाप्पा उभा होता. काठी नसल्यामुळे त्याला हातांचं काय करावं ते कळत नसे, म्हणून दर तारखेला तो एक मिटलेली छत्री धरून यायचा.

निकाल लागला. जमावबंदीचा आदेश लोकांना कळेल असा जाहीर केल्याचा पुरावा नाही, सबब आरोपी निर्दोष. काठी हे शस्त्र आहे किंवा कसे, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयास आवश्यकता वाटत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर काठी परत द्यावी.

मी पेढे आणले. आप्पांनी एक घेतला, अर्धा खाल्ला. "सुटला, लई चांगलं झालं," एवढं म्हणून उरलेला अर्धा त्यांनी पुडीत परत ठेवला. दोन वर्षं ज्या शब्दासाठी गुडघा झिजवला, त्याला कोर्टानं हातसुद्धा लावला नव्हता. त्यांना इतकं थकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मुदत संपल्यावर मायाप्पा काठी न्यायला आला. मी पण गेले, कारण आप्पांना जिना चढवायला कुणीतरी हवं होतं. मुद्देमालाच्या खोलीतल्या कारकुनानं काठी काढून टेबलावर ठेवली, पोचपावती पुढे केली आणि शाईचं पॅड उघडलं. मायाप्पानं अंगठा शाईला लावला. तेवढ्यात आप्पांनी सवयीनं पावती वाचली. छापील होती. 'जप्त केलेले शस्त्र मिळाले.'

"अवो आप्पा, फॉर्म छापील हाय," कारकून म्हणाला. "समद्यांना ह्योच. काठी मिळतीया न्हवं? द्या अंगठा आणि न्या."

आप्पांनी मायाप्पाला फक्त वाचून दाखवलं. स्वतः काही सांगितलं नाही. मायाप्पानं उचललेला अंगठा मागे घेतला आणि शर्टाला पुसला.

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "न्हाय नेत."

दोन वर्षं एस्टीचे हेलपाटे घातलेला माणूस, समोर हातभर अंतरावर त्याची काठी, आणि तो नको म्हणत होता. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा निकालाच्या दिवशी जसा व्हायला हवा होता, तसा आता झाला होता. ते तिथेच बाकाशेजारी उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. कारकून कुरकुरत साहेबांना विचारायला गेला, तो जेवणाच्या सुट्टीनंतर आला. त्यानं 'शस्त्र' या शब्दावर रेघ मारली, वर निळ्या शाईत 'काठी' असं लिहिलं आणि शेजारी सही केली. मायाप्पानं अंगठा दिला. पावतीची एक प्रत आप्पांनी त्याच्या खिशात घडी घालून ठेवली.

त्या दिवसानंतर मी आप्पांना पाहिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत ते मंद्रूपला गेले आणि झोपेतच गेले. अजूनही एखादा शब्द टाइप करताना मला मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, आणि त्यांची आठवण येऊन डोळे भरतात. छळवादी माणूस होता, पण त्याच्याइतका सरळ माणूस मी या आवारात दुसरा पाहिला नाही.

काठी मिळाली त्या दिवशी, दोन तास उभं राहिल्यानं आप्पांचा गुडघा धरला होता. जिन्याच्या तोंडाशी मायाप्पानं काठी त्यांच्या हातात दिली. आप्पा ती टेकत, एकेक पायरी उतरत खाली आले. मायाप्पा शेजारून, छत्री काखेत मारून. मी पिशवी घेऊन मागे. फाटकावर नवीन पोलीस होता, त्यानं हात आडवा केला.

"ओ वकीलसाहेब, हातात काय आहे?"

आप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मायाप्पाकडे बोट केलं.

"काठी हाय," मायाप्पा खिशातला कागद काढत म्हणाला. "कोर्टानं लिवून दिलंय."